सोबती हवा की नको

कायद्याच्या मसुद्यावर ‘तांत्रिक सुधारणा’ असं छापलेलं असलं की सभागृहातले निम्मे लोक चहाला उठतात आणि उरलेले जांभया आवरत हात वर करतात, हे पद्माकर शिर्क्यांना नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. राज्याच्या निवडणूक कायद्यांचे मसुदे लिहिणाऱ्या कक्षात त्यांची सगळी नोकरी गेली. जुन्या यंत्राचं नाव खोडून नव्याचं घालायचं, मतदान केंद्राचं अंतर बदलायचं, एखाद्या कलमाला शेपूट जोडायचं. लोकांना वाटतं राज्य भाषणांवर चालतं. ते अशा शेपटांवर चालतं आणि ती कोणीही वाचत नाही, असं पद्माकररावांचं ठाम मत होतं. समोर बसेल त्याला ते हे मत ऐकवत.

निवृत्त होता होता त्यांनी एक शेवटची तांत्रिक सुधारणा लिहिली होती आणि तिच्यात मात्र त्यांचा जीव अडकला होता. आज तीच सुधारणा वाठोलीच्या नगरपरिषद निवडणुकीच्या निमित्तानं त्यांच्या स्वतःच्या घरी यायची होती.

“उज्ज्वला, आज निवडणुकीची माणसं येतायत बरं का,” खिडकीजवळच्या पलंगावरची चादर सारखी करत ते म्हणाले. “साडी नेसवायला कामाच्या मावशींना सांगू? नको म्हणतेस? उकाडा आहे, गाऊनच बरा? बरं बाई, तुझंच खरं.”

पलंगावर उज्ज्वलाबाई होत्या. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. जीव वाचला, पण बोलणं गेलं, हातपाय गेले. गिळता येई, डोळे फिरत, मधूनच पापण्या मिटत. त्या मुद्दाम मिटतात की आपसूक, हे कोणाला सांगता येत नव्हतं. त्यांना आतून किती समजतं यावर तीन डॉक्टरांची तीन मतं होती. पद्माकररावांचं चौथं होतं. तिला सगळं समजतं आणि ती काय म्हणते ते मला समजतं.

त्यामुळे त्या घरात दिवसभर गप्पा चालत. प्रश्न पद्माकरराव विचारत, उत्तरही तेच देत, फक्त उत्तराच्या शेवटी ‘म्हणतेस’ लावत. भाजीत मीठ कमी पडलं म्हणतेस? शेजारच्यांची सून फार मोठ्यानं बोलते म्हणतेस? कधीकधी दोघांचं भांडणही होई आणि त्यात बहुतेक वेळा उज्ज्वलाबाई जिंकत. तेवढा मोठेपणा पद्माकररावांकडे होता.

चादर नीट होते न होते तोच पुण्याहून मुलीचा, केतकीचा फोन आला.

“बाबा, त्या शुश्रूषा केंद्रातली आईची जागा ते आजपर्यंतच धरून ठेवणार आहेत. आज मला हो किंवा नाही सांगायचंय त्यांना.”

“आई नको म्हणते.”

“बाबा.”

“अगं, खरंच नको म्हणते. इथं तिचं माहेर जवळ आहे, खिडकी आहे, मी आहे.”

“तुम्ही परवा तिला उचलताना पडलात. मावशींनी सांगितलं मला. तिथं चोवीस तास नर्स आहेत, व्यायाम करून घेणारे आहेत, माझं घर दहा मिनिटांवर आहे. तुम्हीही या म्हटलं तर तुम्ही ऐकत नाही. आई नको म्हणते, की तुम्ही?”

“आज संध्याकाळपर्यंत सांगतो,” ते म्हणाले. “आज तिलाच विचारणार आहे. नीट. तू म्हणशील तसं.”

हे ते थाप म्हणून बोलले नव्हते. आज घरात टोपी येणार होती.

टोपीचं सरकारी नाव होतं मूकमत यंत्र. ते अर्थात कोणीच वापरत नसे. सरकारनं आपल्याला टोपी घालायचे दिवस संपले, आता ते घरी येऊन घालतात, असा विनोद सुरुवातीला सगळीकडे झाला होता. दिसायला ती पोहायच्या टोपीसारखीच, फक्त आत नाण्याएवढ्या चकत्या बसवलेल्या. माणूस मनातल्या मनात एखादा शब्द म्हणतो तेव्हा ओठ हलत नाहीत, पण ओठ आणि जीभ हलवणारा मेंदूचा भाग गप्प बसत नाही. तो नेहमीसारखी तयारी करतो आणि आयत्या वेळी हुकूम सोडत नाही. या तयारीत मेंदूतून अतिशय क्षीण विद्युतप्रवाह वाहतात आणि त्यांचं तितकंच क्षीण चुंबकीय क्षेत्र कवटीबाहेर येतं. पूर्वी ते मोजायला खोलीभर यंत्रसामग्री लागे. पद्माकररावांच्या नोकरीच्या अखेरीस ते टोपीत मावू लागलं.

टोपीला विचार वाचता येत नाहीत. आठवणी, स्वप्नं, राग, लोभ, काही नाही. ओठ कधी मिटायला निघाले, जीभ कधी टाळूकडे निघाली, एवढंच तिला कळतं. त्यातही प्रत्येक माणसाचं वळण निराळं असतं, म्हणून आधी त्या माणसाकडून एक ओळखीचा, रुळलेला शब्द मनात म्हणवून घ्यावा लागतो. त्या शब्दाचा साधारण आराखडा यंत्राकडे असतो. तो जुळला की यंत्र त्या माणसाचं वळण शिकतं आणि मग त्याचं ‘हो’ आणि ‘नाही’ खात्रीनं वाचतं. मतदानाला याहून अधिक लागत नाही. उमेदवारांची नावं आणि चिन्हं एकेक करून कानात ऐकवायची, मतदारानं हव्या त्या जागी ‘हो’ म्हणायचं.

त्याआधी अशा मतदाराच्या वतीनं सोबती मत देत असे. मागच्या निवडणुकीत उज्ज्वलाबाईंचे सोबती पद्माकररावच होते. केंद्रावर चाकाची खुर्ची नेऊन त्यांनी स्वतःचं बटण दाबलं आणि मग तिचंही तेच दाबलं. आमच्या घरात दोन मतं नसतात, असं ते अधिकाऱ्याला हसून म्हणाले होते. घरी आल्यावर मात्र त्यांना ते खुपलं. यंत्र मिळत असताना माणसाच्या तोंडून दुसऱ्यानं का बोलावं? त्या खुपण्यातून ती सुधारणा झाली. आता गंमत अशी की हीच टोपी दवाखान्यात वापरायला बंदी होती. कारखानदारांनी कामगारांवर आणि सासऱ्यांनी जावयांवर ती वापरून पाहिल्यावर मनाच्या गुप्ततेचा कडक कायदा आला आणि रुग्णाला टोपी घालायची तर त्याची स्वतःची स्पष्ट संमती बंधनकारक झाली. ज्याला बोलता येत नाही त्यानं ती टोपीशिवाय कशी द्यायची, हे त्या कायद्यात नव्हतं. मतदान तेवढं त्यातून सुटलं, कारण मत हा हक्क होता.

रुळलेला शब्द कोणता घ्यायचा, यावर त्या सुधारणेच्या समितीत थोडी चर्चा झाली होती. पद्माकररावांनी सुचवलं की मतदारयादीत प्रत्येकाच्या नावाखाली नातेवाइकाचं नाव छापलेलं असतंच, बाईच्या नावाखाली नवऱ्याचं, पुरुषाच्या नावाखाली वडिलांचं. तेच म्हणवून घ्यावं. वेगळा पुरावा नको आणि ओळखही पटते. समितीतल्या एक बाई म्हणाल्या होत्या, “जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत हो.” त्यावर पद्माकरराव हसत म्हणाले होते, “तोंडानं घेत नाहीत, बाई. मनात घेतातच की.” सगळे हसले आणि कलम पुढं गेलं.

दुपारी बेल वाजली. दारात मतदान अधिकारी होती, तिशीच्या आतली, खांद्याला पेटी आणि कपाळावर घाम. तिच्या मागं एक पोलीस शिपाई.

“नमस्कार काका. मी सानिका खरात. इथल्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. उज्ज्वला पद्माकर शिर्के यांचं घर ना?”

“या, या. बसा. चहा टाकतो.”

“चहा नको काका. चालत नाही आम्हाला.”

“अहो, ठाऊक आहे मला ते. तो नियमही आमच्याच कक्षातला,” पद्माकरराव म्हणाले आणि मग दोन मिनिटं त्यांनी आपण कोण, काय आणि कुठलं कलम कसं लिहिलं ते सांगून टाकलं. सानिकाच्या चेहऱ्यावर आदर आला आणि त्यापाठोपाठ परीक्षेला खुद्द पेपर काढणारा मास्तर समोर बसल्याची धास्ती.

तिनं पेटी उघडली, उज्ज्वलाबाईंशी वाकून बोलली. “काकू, मी टोपी घालते हं. थंड लागेल जरा.” आतापर्यंत घरी येणारी माणसं पद्माकररावांशी बोलत. ही मुलगी पलंगाशी बोलली, हे त्यांच्या लक्षात आलं.

टोपीचे बंद बसवून होईपर्यंत त्यांनी धीर धरला. मग आवाज खाली करून म्हणाले, “मॅडम, एक विनंती आहे. मतदान झालं की टोपी काढण्याआधी तिला एकच प्रश्न विचारायचा आहे. घरचा. इथं राहायचं की मुलीकडच्या केंद्रात जायचं. हो की नाही, एवढंच. अर्धा मिनिटसुद्धा लागणार नाही.”

सानिकाचा हात थांबला. “काका, मतदानाव्यतिरिक्त कोणताही प्रश्न...”

“...विचारणारा आणि विचारू देणारा, दोघेही शिक्षेस पात्र. माहीत आहे. मीच लिहिलं ते.”

“मग तुम्हीच सांगा.”

त्यांनी काय सांगायचं? ते कलम का घातलं तेही त्यांना आठवत होतं. तसं केलं नसतं तर मतदानाच्या नावाखाली टोपी घरात शिरली असती आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना जमिनीच्या वाटण्या विचारल्या गेल्या असत्या. कलम चोख होतं. आपणच बांधलेल्या भिंतीवर डोकं आपटतंय आणि भिंत पक्की झाल्याचं समाधानही धड मिळत नाही, अशी त्यांची अवस्था झाली.

“नोकरी जाईल हो माझी,” सानिका हळूच म्हणाली. शिपाई दारातून इकडंच बघत होता.

“जाऊ दे. चालू करा,” पद्माकरराव म्हणाले. निदान ती आत आहे हे तरी आज सिद्ध होईल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

सानिकानं पुस्तिकेतलं वाक्य वाचलं. “काकू, मतदारयादीत तुमच्या नावाखाली तुमच्या यजमानांचं नाव आहे. ते मनातल्या मनात एकदा म्हणा. ओठ हलवायचे नाहीत. घाई नाही.”

पेटीतल्या पडद्यावर एक रेघ थरथरली, उचलली गेली, खाली बसली. लाल दिवा लागला.

“होतं असं पहिल्यांदा,” सानिका म्हणाली. “काकू, पुन्हा एकदा म्हणू या? यजमानांचं नाव.”

“उज्ज्वला, अगं माझं नाव,” पद्माकरराव पुढं सरकून मोठ्यानं म्हणाले. “पद्माकर. पद्माकर म्हण.”

पुन्हा तशीच रेघ. पुन्हा लाल.

तिसऱ्यांदा लाल दिवा लागला तर काय होतं ते पद्माकररावांना वेगळं सांगायची गरज नव्हती. ‘मत व्यक्त करण्यास असमर्थ’ अशी नोंद होणार. ती नोंद पुढं डॉक्टरांकडे जाते, पेन्शनच्या कचेरीत जाते, सगळीकडे जाते. एकदा सरकारनं माणूस आत नाही असं म्हटलं की दाराशी जाऊन हाक मारायलाही कोणी येत नाही. यंत्र तीनपेक्षा जास्त वेळा चालवू नये, कारण थकलेला मेंदू काहीतरी अंदाधुंद दाखवतो, हेही शास्त्रज्ञांना विचारून त्यांनीच घातलं होतं.

“काकूंना दमल्यासारखं झालंय का?” सानिकानं विचारलं.

“ती दमलेली नाही,” पद्माकरराव म्हणाले आणि मग त्यांच्या तोंडून ‘ती म्हणते’ असं येईना. त्यांना समितीतल्या त्या बाई आठवल्या. त्यांना आपलं हसणंही आठवलं. लग्नाला एवढी वर्षं झाली. त्यांनी आठवून पाहिलं, उज्ज्वलानं आपलं नाव घेतलेलं आपण कधी ऐकलं? बाजारात हरवलो तरी तिनं नावानं हाक मारली नव्हती. दवाखान्यात पेशंटच्या नवऱ्याचं नाव विचारलं तर ती त्यांच्याकडं बघे आणि ते सांगत. तोंडानं घेत नव्हती तसं ती मनातही घेत नव्हती. जो शब्द तिच्या आत सगळ्यात रुळलेला असेल म्हणून त्यांनी खुशाल कायद्यात घातला, त्याला तिच्या आत पायवाटही नव्हती.

नाही, एकदा ऐकलं होतं.

“मॅडम,” ते उठून उभे राहिले. “तिला उखाणा घेऊ द्या.”

“काय?”

“उखाणा हो. लग्नातला. नुसतं नाव ती नाही घ्यायची. उखाण्यात घेईल. नियमात काय म्हटलंय? मतदाराने नातेवाइकाचे नाव मनात उच्चारावे. त्याच्या आधी काही उच्चारू नये असं कुठं म्हटलंय? दाखवा मला.”

सानिकानं पुस्तिका चाळली. तिच्या ओठांवर इतक्या वेळात पहिल्यांदा हसू आलं. “नाही म्हटलेलं. पण काका, उखाणा कोणता? मी त्यांना सुरुवात करून देते, म्हणजे सोपं जाईल.”

पद्माकररावांनी सांगायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. घास भरवायची वेळ, बायकांचा गराडा, कोणीतरी उज्ज्वलाला कोपरानं ढोसत होतं. ते त्या वेळी मेव्हण्याशी परतीच्या गाडीबद्दल बोलत होते. शेवटी आपलं नाव आलं तेव्हा त्यांनी मान वळवली, सगळे हसले, तेही हसले. नावाच्या आधी तिनं काय म्हटलं ते त्यांनी ऐकलंच नव्हतं. नंतर कधी विचारलंही नव्हतं.

“तिला येतो,” ते म्हणाले. “तिला ठाऊक आहे.”

सानिका पलंगावर वाकली. “काकू, तुमच्या लग्नात घेतलेला उखाणा आठवतोय? तो घ्या मनात. पहिल्यापासून. सगळ्या बायका जमल्यात, आग्रह चाललाय. नाव घ्या नाव घ्या म्हणतायत. घ्या.”

उज्ज्वलाबाईंचे डोळे छताकडे गेले. पडद्यावरची रेघ हलली, थांबली, परत मागं आली, जशी शाळेत पोरं पहिली ओळ चुकून पुन्हा धरतात. मग ती चालू लागली. वर, खाली, मध्येच लांब, मध्येच चुटकन. पद्माकरराव त्या रेघेकडं बघत राहिले. तिच्यात शब्द होते आणि त्यांना त्यातला एकही वाचता येत नव्हता. अखेरीस ओठ मिटल्याची खूण आली, पुन्हा एकदा मिटल्याची आली, जीभ मागं टाळूला लागली.

हिरवा दिवा लागला.

“काका!” सानिका ओरडलीच. दारातला शिपाईही दोन पावलं आत आला.

पद्माकररावांना रडू आवरेना. “आहे,” ते म्हणत होते, “आहे ती. मी म्हणत नव्हतो? आहे.” त्यांनी उज्ज्वलाबाईंचा हात धरला, खुर्ची पलंगाशी ओढली आणि उरलेल्या मतदानासाठी सरसावून बसले.

“एकच प्रश्न राहिला आता मतपत्रिकेच्या आधी,” सानिका म्हणाली. “काकू, मत देताना सोबती म्हणून यजमानांना जवळ ठेवायचं आहे का? हो किंवा नाही म्हणा.”

हा प्रश्नही त्यांचाच. यंत्र आलं तरी एखाद्याला आपलं माणूस जवळ हवं असेल, घाबरायला होत असेल, म्हणून त्यांनी तो मायेनं घातला होता. लिहिताना त्यांच्या डोळ्यासमोर उज्ज्वलाच होती.

सानिकानं पडद्याकडं पाहिलं. मग तिनं तोच प्रश्न पुन्हा विचारला, अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून. पुन्हा पडद्याकडं पाहिलं.

“काका,” ती म्हणाली. “हे मला मोठ्यानं वाचावं लागतं.”

“वाचा की.”

“मतदाराला सोबती नको आहे.”

पद्माकरराव हसले. “तिला प्रश्न कळला नसेल. पुन्हा विचारा.”

“दोनदा विचारला काका. दोन्ही वेळा नाही आलं. तुम्हाला बाहेर थांबावं लागेल.”

त्यांनी उज्ज्वलाबाईंकडं पाहिलं. त्या त्यांच्याकडंच बघत होत्या. त्या बघण्यात राग होता का? माया होती का? रोजच्यासारखं काहीतरी वाचायला त्यांचं मन धावलं आणि वाटेतच थबकलं. ते उठले, चपला घातल्या आणि स्वतःच्या घरातून बाहेर जिन्यात आले. दार शिपायानं लोटून घेतलं.

“बसा की काका पायरीवर,” शिपाई म्हणाला. “येळ लागतोय जरा.”

ते बसले.

“मनाला लावून घिऊ नका,” थोड्या वेळानं शिपाई म्हणाला. “आमची म्हातारी बी कुणाला सांगत न्हाई कुणाला दिलं ते. बा इचारून इचारून दमला. म्हनली, तेवढं एकच माझं हाय, ते तरी ऱ्हाऊ द्या.”

“मताचं काही नाही हो,” पद्माकरराव म्हणाले.

मताचं खरंच काही नव्हतं. ती कोणालाही देवो. सहा वर्षं त्यांनी तिला भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं आणि सहा वर्षं ते तिच्याशी बोलले. लोक म्हणत, किती एकटे पडलात हो. त्यांना हसू येई. एकटा कुठं, दोघं आहोत की. आता जिन्याच्या पायरीवर बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की त्या सगळ्या बोलण्यातला तिचा खराखुरा शब्द त्यांनी आज पहिल्यांदा ऐकला. तो होता नाही. मीठ कमी पडलं ते त्यांनाच, उकाडा झाला तो त्यांनाच, भांडणात हरले तेही स्वतःशीच. त्यांना फार एकटं वाटलं. इतकं की शेजारी कोणी परका का होईना पण उभा आहे, याचा त्यांना आधार वाटला.

आतून सानिकाचं हसणं ऐकू आलं. छोटंसं, न राहवून आल्यासारखं. पद्माकरराव दाराकडं बघत राहिले.

दार उघडलं तेव्हा टोपी पेटीत गेली होती. उज्ज्वलाबाईंच्या डाव्या तर्जनीवर शाई लागली होती, ती अजून ओली होती. सानिका यंत्रातला ठसा पुसत होती. घर सोडण्याआधी मतदाराचं शिकलेलं वळण यंत्रातून पुसून टाकावं, हेही कलम होतं. तिनं बटण दाबलं आणि हिरवा दिवा गेला. आता पुढच्या निवडणुकीपर्यंत तो लागायचा नव्हता.

“हसलात मघाशी,” पद्माकरराव म्हणाले.

“ते नाही सांगता येणार काका.”

“बरोबर आहे.”

ती दारापर्यंत गेली आणि वळली. “एक सांगते. मतदानाच्या आधीचं आहे, त्याला गुप्तता लागू होत नाही, हो ना? पहिल्या दोन्ही वेळी रेघ कोरी नव्हती. त्या काहीतरी म्हणत होत्या. दोन्ही वेळा एकच. शब्द लहान होता आणि त्यात ओठ कुठं मिटत नव्हते.”

“काय असेल?”

“ते टोपीला कळत नाही. तुम्ही ओळखाल.” एवढं बोलून ती शिपायाबरोबर लिफ्टनं खाली गेली. तिला अजून बरीच घरं होती.

अहो, असं त्यांच्या मनात लगेच आलं. अहोच. दुसरं काय? नवऱ्याचं नाव म्हण म्हटल्यावर ती तेच म्हणणार. त्यांना बरं वाटायला लागलं आणि त्याच क्षणी जाणवलं की आपण पुन्हा तिच्या जागी उत्तर देतोय. अहो असेल. नको असेल. त्यातही ओठ मिटत नाहीत. आणखी कितीतरी शब्द असे असतील. ते पलंगाजवळच्या खुर्चीत बसले आणि घर गप्प राहिलं. सहा वर्षांत ते इतका वेळ गप्प राहिलं नव्हतं.

ऊन कलायला लागलं तेव्हा केतकीचा फोन आला.

“झालं मतदान?”

“झालं. हिरवा दिवा लागला. केतकी, तिला सगळं समजतं. सगळं.”

केतकी नाक पुसत म्हणाली, “आणि तो प्रश्न? विचारलात?”

“विचारता आला नाही. कायद्यात बसत नाही.”

“मग त्या लोकांना काय सांगू मी? आई काय म्हणते?”

पद्माकररावांनी पलंगाकडं पाहिलं. आई नको म्हणते, हे शब्द जिभेवर तयार होते. रुळलेले होते. ते म्हटले असते तर केतकीनं आज ऐकलं असतं, आज तर हिरव्या दिव्याची साक्ष होती. उज्ज्वला इथंच राहिली असती, खिडकीशी, त्यांच्यासमोर.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“म्हणजे आई काय म्हणते ते मला माहीत नाही. कधीच नव्हतं, बाळा.”

केतकीनं अगदी लहान आवाजात विचारलं, “आत्ता काय करतेय ती?”

“डोळे उघडे आहेत,” पद्माकरराव म्हणाले. “माझ्याकडं बघत नाहीये. खिडकीबाहेर बघतेय.”